वस्तीची जागा : देवगिरी ते शेंद्रा

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाहीला घर उरले नाही. मलिक अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधला, त्याला परांड्यात तख्तावर बसवले आणि राज्य चालू ठेवले. परांड्याहून दरबार जुन्नरला गेला, जुन्नरहून दौलताबादेस आला. खजिना, दप्तर, तोफखाना, त्यांच्यामागे बाजारबुणगे, असे सगळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन एक राज्य दहा वर्षे हिंडत होते. ते हिंडवणारा माणूसही जन्मापासून उखडलेलाच होता. हबशाणात जन्मलेले, गुलाम म्हणून विकले गेलेले हे पोर बाजारामागून बाजार बघत अहमदनगरला पोहोचले होते. १६१०च्या सुमारास, साठी ओलांडल्यावर, त्याने ठरवले की आता एका जागी बसायचे. जागा निवडली ती खाम नदीच्या काठची खडकी. तेव्हा ते एक लहानसे गाव होते.

आजच्या छत्रपती संभाजीनगरचा जन्म या निर्णयातून झाला. गेल्या आठशे वर्षांत या परिसरात राहायला यायचे की नाही, हा प्रश्न अनेकांनी सोडवला: राजांनी, सुलतानांनी, सूफींनी, विणकरांनी, शिक्षणाची तहान लागलेल्या पोरांनी, कारखानदारांनी. प्रत्येकाचा हिशेब वेगळा होता. कोणी नकाशा पाहून आले, कोणी डोंगर पाहून, कोणी मोकळी जमीन पाहून. पायाखालची जमीन आणि तिच्यातले पाणी सर्वांत आधी पाहिले ते अंबरने, आणि म्हणूनच या सगळ्यांत त्याची निवड सर्वांत शहाणी ठरते.

पहिली निवड यादवांची. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली, ती संरक्षणासाठी. मैदानातून एकटाच उठलेला डोंगर, त्याच्या कडा तासून केलेली सरळ भिंत, भोवती खंदक आणि वर जायला डोंगराच्या पोटातून जाणारी अंधारी. बांधकाम मोठ्या अकलेचे. पण १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन ठाकला तेव्हा रामचंद्रदेवाला खंडणी कबूल करावी लागली. किल्ला कितीही अभेद्य असला, तरी आतल्या माणसांना खायला लागते आणि प्यायला लागते.

मग आला मुहंमद तुघलक. १३२७ मध्ये त्याने देवगिरीचे दौलताबाद केले आणि दिल्लीच्या मातब्बर मंडळींना इकडे हलण्याचा हुकूम सोडला. इतिहासकार बरनीने कारण नोंदवले आहे: दिल्ली, गुजरात, बंगाल, तेलंगण, माबर या सगळ्यांपासून ही जागा सारख्या अंतरावर पडते. कागदावर हे बिनतोड होते. इब्न बतूता दिल्ली ते दौलताबाद हा प्रवास चाळीस दिवसांचा सांगतो आणि वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांचे कौतुक करतो. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला फरफटत आणले आणि दौलताबादेस त्याचा फक्त पाय पोहोचला, ही अंगावर काटा आणणारी कथाही त्याचीच. मात्र बतूता दिल्लीला पोहोचला १३३४ मध्ये, म्हणजे स्थलांतर झाल्यावर. त्यामुळे ही ऐकीव गोष्ट आहे. सगळी दिल्ली ओस पडली, हे आजचे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. हलवले गेले ते मुख्यतः उमराव, उलेमा, सूफी आणि त्यांचा गोतावळा.

काही वर्षांत सुलतानाने परतीची परवानगी दिली. उत्तरेची सरहद्द दक्षिणेत बसून सांभाळता येत नव्हती. शालेय पुस्तकांत ही गोष्ट इथेच संपते आणि तुघलक वेडा ठरतो. मराठवाड्याच्या बाजूने पाहिले तर खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, कारण आलेले सगळेच परतले नाहीत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच राहिले आणि १३३७ मध्ये इथल्याच मातीत विसावले. औलियांची वचने ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात टिपणारे कवी अमीर हसन सिजझी यांचीही कबर खुलदाबादेत आहे. दौलताबादेहून घाट चढून गेले की लागणारे हे गाव पुढे दक्षिणेतले मोठे सूफी केंद्र झाले. हिमरू विणणारे कारागीरही त्याच लोंढ्यात आले, असे शहरातली विणकर घराणी सांगत आली आहेत. हुकमाने आणलेल्या माणसांतल्या ज्यांनी मनाने ही जागा पत्करली, त्यांचाच ठसा टिकला. १३४७ मध्ये दख्खनच्या अमिरांनी बंड करून बहमनी राज्य उभारले तेही दौलताबादेतच. राजधानी मात्र त्यांनी लगेच गुलबर्ग्याला नेली.

म्हणजे अंबरच्या वेळेपर्यंत दौलताबाद तीनशे वर्षे नावाजलेले होते. तयार किल्ला, तयार तट, तयार हौद. तरीही त्याने सुमारे पंधरा किलोमीटरवरची उघडी जागा निवडली. हा निर्णय समजून घ्यायचा तर खामच्या काठावर उभे राहून भोवती पाहावे. उत्तरेला डोंगरांची रांग, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर, मधे पसरट खोरे. उत्तरेकडून जमीन शहराकडे हळूहळू उतरत येते. पावसाचे पाणी डोंगरात मुरते आणि भूगर्भातून उताराच्या दिशेने सरकते. अंबरला वाढणारे शहर वसवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा उतार इथे होता. दौलताबाद संकटकाळासाठी हाताशी राहणारच होते.

त्याने बांधलेली नहर-ए-अंबरी या उताराचेच बांधीव रूप आहे. उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूला जमिनीखाली मुरलेले पाणी विटा-चुन्याच्या भूमिगत बोगद्यात गोळा करायचे, उताराची चाल जराही न मोडता ते शहराकडे आणायचे, वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवायची म्हणजे हवा खेळेल आणि माणसाला आत उतरून गाळ काढता येईल. शहरात आल्यावर भाजक्या मातीच्या नळांतून ते हौदांत आणि वाड्यांत जायचे. नळातला दाब आवरण्यासाठी आणि अडकलेली हवा सोडण्यासाठी मधे उंच मनोरे बांधले होते. ना मोट, ना बैल, ना रहाट. पाणी जमिनीखालून आल्यामुळे उन्हात आटत नव्हते आणि शत्रूच्या नजरेलाही पडत नव्हते.

इराणी कनातींशी या रचनेचे नाते उघड आहे. त्याच दशकात, १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानानने बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा नावाची अशीच भूमिगत पाणीव्यवस्था उभारली. खानखानान हा दख्खनेतला मोगल सेनापती, अंबरचा प्रतिस्पर्धी. रणांगणावर एकमेकांना भिडणारे हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच विद्येचे विद्यार्थी होते.

खडकी झपाट्याने वाढली. भडकल दरवाजा १६१२चा, नौखंडा महाल त्यानंतरचा. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा हे पुरे निजामशाहीतल्या मराठा सरदारांच्या नावांनी ओळखले जात. वेरूळच्या भोसल्यांसह अनेक घराणी अंबरच्या पदरी होती. हबशी वजीर, मराठा सरदार, दख्खनी मुसलमान आणि इराणी विद्या अशा एकत्र हातांनी हे शहर उभे राहिले, हे आज मुद्दाम लक्षात ठेवायला हवे. १६१६ मध्ये मोगल फौजेने अंबरचा पराभव करून खडकी जाळली, तेव्हा या निवडीची कसोटी लागली. घरे गेली, महाल गेले. नहर जमिनीखाली होती. शहर त्याच जागी पुन्हा उभे राहिले.

अंबर १६२६ मध्ये वारला आणि खुलदाबादेत पुरला गेला. मुलगा फत्तेखानाने गावाचे फतेहनगर केले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि सगळा मुलूख मोगलांकडे गेला. दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबानेही राहायला हीच जागा पसंत केली आणि १६५३ मध्ये तिला आपले नाव दिले. पुढे बादशहा म्हणून तो परत आला, तेव्हा १६८२ मध्ये शहराभोवती तट बांधला. वस्ती वाढली तशा नहरीही वाढल्या. बुखाऱ्याकडच्या घिजदुवानहून आलेले बाबा शाह मुसाफिर इथे स्थिरावले. त्यांच्या खानकाहजवळची पाणचक्की उत्तरेच्या डोंगरांतून आणलेल्या पाण्याच्या धारेवर जाते फिरवी आणि त्या पिठावर यात्रेकरू जेवत. वली आणि सिराज या उर्दू कवींनी ‘औरंगाबादी’ हे नाव आपल्या नावाला जोडले, तेही याच भरभराटीच्या काळात.

पण चांगले पाणीही राजकारणापुढे हरते. निजामाची सत्ता दख्खनेत रुजली, मराठ्यांचा दबाव वाढला आणि १७६३ मध्ये निजामअलीने राजधानी हैदराबादेस हलवली. दरबार गेला, दरबारामागे पेढ्या आणि कारागीर गेले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे शहर पेंगत राहिले. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला तेव्हा जरा हालचाल झाली, इतकेच.

यानंतरचा मोठा निर्णय एका माणसाचा आहे, आणि त्याआधी त्याला इथे पाण्यावरूनच अपमान सोसावा लागला होता. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले. प्रवासाने धुळीने माखलेली ही मंडळी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुऊन आत निघाली, तोच मागून आरडाओरडा झाला: अस्पृश्यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिव्याशाप झाले. अखेर आत सोडले ते आतल्या पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आणि सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईनंतरचे महाविद्यालय काढण्यासाठी हेच शहर निवडले. मराठवाडा नुकताच निजामी राजवटीतून मोकळा झाला होता. पदवीसाठी इथल्या बहुतेक मुलांना हैदराबादची वाट धरावी लागे आणि ती वाट खेड्यातल्या दलित मुलाला परवडण्याचा प्रश्नच नव्हता. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. म. भि. चिटणीस प्राचार्य होते. वर बौद्ध लेणी, खाली माळरान. तिथल्या वसतिगृहांत ट्रंक घेऊन उतरलेल्या मुलांनी पुढे मराठी साहित्य, प्रशासन आणि चळवळी घडवल्या. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, तेही याच डोंगराच्या पायथ्याशी. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. त्यासाठी माणसांनी जीव दिले. मागासलेल्या मुलखात येऊन शिक्षणाचे ठाणे मांडणे ही अंबरनंतरची दुसरी दूरदृष्टीची निवड होती.

तिसरी लाट कारखान्यांची. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली आणि तिच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. सिडकोने तटाबाहेर नवे शहर आखले. जालना, बीड, परभणीकडची माणसे एका खोलीच्या भाड्यावर येऊन इथली झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख भरली. आता शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक हे औद्योगिक शहर उभे राहत आहे.

या लाटेचे पाणी आले जायकवाडीहून. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेले आणि इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये लोकार्पण केलेले हे धरण नसते, तर आजचे शहर शक्यच नव्हते. पण हिशेब उलटा झाला. नहरीचे पाणी वरून खाली येत होते. जायकवाडीचे पाणी शंभर मीटरहून अधिक उंचीवर पंपांनी चढवावे लागते, तेही चाळीस किलोमीटरहून लांबून. वीज गेली की पाणी गेले. नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी सोडायचे की नाही, यावरून टंचाईच्या वर्षांत भांडण ठरलेले. काठोकाठ भरलेल्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, शेजारी राहून कित्येक वसाहती दिवस मोजत नळाची वाट पाहतात. १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि पुढे तिचा खर्च वाढत गेला.

दरम्यान अंबरच्या नहरीचे काही भाग अजून वाहतात. काही ठिकाणी तिची तोंडे बुजली, काही ठिकाणी पाया खणताना बोगदा फुटला, कुठे सांडपाणी शिरले. आजच्या शहराची तहान ती भागवणार नाही, हे खरे. पण उद्याने, बांधकामे, रस्ते धुणे यांसाठी विजेशिवाय येणारे पाणी कोणत्याही शहराने टाकून देऊ नये. महापालिका आणि पुरातत्त्व खात्याने मिळून नहरींचा संपूर्ण मार्ग जमिनीवर आखून घ्यावा, तो विकास आराखड्यात दाखवावा आणि त्या पट्ट्यात खोदकामाची परवानगी देण्यापूर्वी आत उतरून पाहणी सक्तीची करावी. हर्सूलच्या उतारावर प्लॉट घेणाऱ्यांनीही आपल्या पायाखालून नहर जाते का, हे व्यवहाराआधी विचारावे.