कातडी कोटातले नाव

जुनी नाणी, जुनी तिकिटे, जुने अडकित्ते जमविणारी माणसे आपल्या ओळखीची असतात. पण लढाऊ वैमानिकांची जुनी कातडी जाकिटे जमविणारा मनुष्य म्हटला की ऐकणारा प्रथम हसतो. आमच्या पिंपरी-चिंचवडात मे महिन्यात सुती सदरादेखील अंगाला जड होतो. तिथे लोकरीच्या अस्तराचे जाकीट कुणी कशाला घ्यावे? आणि घेतलेच, तरी पावसाळ्यात त्यावर चढणाऱ्या बुरशीशी झगडत कशाला बसावे? पण हा नाद जगभर आहे, आणि त्यातल्या जाणत्यांना जाकिटापेक्षा वेगळेच काही हवे असते. ते ज्याच्या अंगावर होते, त्याचे नाव त्यांना हवे असते.

या कपड्याची गोष्ट थंडीपासून सुरू होते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांना छप्पर नव्हते. वैमानिक उघड्यावर बसायचा, आणि पंधरा-सोळा हजार फुटांवर गेला की वारा नुसता कापीत सुटायचा. तोंडाला देवमाशाची चरबी फासायची, हातांत केसाळ मोजे, आणि अंगात गुडघ्याखाली येणारा कातडी कोट, असा सगळा सरंजाम. पुढे सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या ध्यानात आले, की इतरांचे दात वाजत असताना आपण मात्र उबेत आहोत. कारण काय, तर अंगावर यंत्रदुरुस्तीचा तेलकट, मळका झगा तसाच राहिला होता! त्यावरून त्याने १९१७ साली ‘सिडकॉट’ नावाचा अंगभर पोशाख काढला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचे ‘इर्विन’ जाकीट आले. ते निघाले हवाईछत्र्या बनविणाऱ्या लेस्ली इर्विनच्या कारखान्यातून. अमेरिकनांनी १९३१ मध्ये ‘ए-२’ हे आखूड जाकीट मुक्रर केले. ते बहुधा घोड्याच्या कातड्याचे असे.

आता या जाकिटाचा धनी शोधायचा कसा? सुरुवात कॉलरीपासून. तिथे शिवलेल्या चिठ्ठीवर कारखान्याचे नाव, माप आणि सरकारी कंत्राटाचा क्रमांक असतो. आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील चाकणच्या कारखान्यांत आहेत. त्यांना हे निराळे समजावावे लागत नाही. मोटारीचा एखादा सुटा भाग हातात घेतला की त्यावरच्या आकड्यांवरून तो कोणत्या खेपेचा, हे त्यांना उलगडते, तसेच हे. मग छातीवरची नावाची पट्टी, नाहीतर अस्तराच्या आत शाईने लिहिलेले पुसट आडनाव. नाव हाती लागले की पथकाची रोजनिशी. ब्रिटिश हवाई दलाच्या या रोजनिश्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत : कोणते विमान, कोण चालक, केव्हा उडाले, केव्हा उतरले. कधी कधी ‘उतरले’चा रकाना मोकळा असतो. तिथे वाचणाऱ्याचे बोट थांबते.

आपल्या देशातूनही अशी जाकिटे गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालयाचे पूर्वेकडचे डोंगर ओलांडून अमेरिकन विमाने चीनला रसद पोचवीत. त्या आघाडीच्या वैमानिकांच्या जाकिटांवरचे बिल्ले पुष्कळदा आपल्याच कारागिरांनी कातडे कापून, जरतार वापरून केलेले असत. संग्राहक आज त्यांना फार मानतात. चीनवर उडणाऱ्या काही जणांच्या पाठीवर चिनी लिपीतले एक फडके असे. त्याचा आशय असा, की हा परदेशी आपल्या बाजूने लढायला आला आहे, त्याला वाचवा. अभयपत्रच म्हणा ना! नकली मालाचाही सुळसुळाट आहे, हे सांगायला नको. शिलाईचा धागा पॉलिएस्टरचा निघाला की समजावे, जाकीट युद्धानंतर जन्मले.

हे झाले सायबांचे. पण कातडी कोट घालून लढलेला आपला कोणी? आहे, आणि नाव हरवणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाच्या कथेतून कळत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून चार हिंदी तरुण अधिकारी म्हणून लढले. हरदितसिंग मलिक हा पहिला. त्याच्या फेट्यावर बसेल असे शिरस्त्राण मुद्दाम बनवावे लागले. दुसरा एरोल सेन. तो १९१७ साली जर्मनांच्या कैदेत पडला. तिसरा इंद्रलाल रॉय. त्याने जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विमाने जिंकली आणि २२ जुलैला, एकोणीस वर्षांचा असताना, तो पडला. फ्रान्समधल्या त्याच्या थडग्यावर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत. आणि चौथा मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर.

केंब्रिजला शिकलेला हा मराठी मुलगा २३ व्या पथकात ‘सॉपविथ डॉल्फिन’ चालवीत असे. हे विमान मोठे चमत्कारिक. वरच्या पंखाच्या मधोमध मोकळी चौकट, आणि तिच्यातून चालकाचे डोके बाहेर. दिसायचे चहूकडचे, पण उतरताना विमान उलटले तर आधी जमिनीला लागायचे ते चालकाचे डोके. २७ जून १९१८ रोजी वेलिणकर गस्तीवर गेला तो परतला नाही. मुंबईला घरी ‘बेपत्ता’ एवढाच शब्द पोचला असणार. मेला म्हणावे तर सुतक नाही, जिवंत म्हणावे तर पत्र नाही! आपल्या बायकामाणसांनी असे दिवस कसे काढले असतील, ते इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही.

तो जर्मनांच्या हाती जखमी पडला होता, आणि तीनच दिवसांनी, ३० जूनला, वारला. जर्मनांनी त्याला रीतसर पुरले. शत्रू असला तरी अधिकाऱ्याचा मान ठेवून हुद्दाही लिहिला. फक्त नाव लिहिले ते असे : ‘ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकार’.

वुमकार! कोण हा वुमकार? जगात या नावाचा कुणी नव्हताच. मुलांच्या वह्या तपासण्यात माझी उमर गेली, म्हणून मला वाटते, दोष कुणाच्या मनाचा नसून हस्ताक्षराचा असावा. इंग्रजी वळणदार लिपीत ‘डब्ल्यू’नंतरची ‘ई, एल, आय, एन’ ही अक्षरे घाईने जोडून लिहा, आणि आयवरचे टिंब विसरा. कागदावर उरतात नुसत्या उभ्या रेघा. त्या अनोळखी डोळ्यांना ‘यू’ आणि ‘एम’ दिसल्या तर नवल काय? शेवटचे ‘कार’ तेवढे शाबूत राहिले. आणि हे ‘कर’ तर आपल्या आडनावांचे शेपूट. त्यावरून मराठी माणूस ओळखावा. पण ते ओळखणारे तिथे कोण होते?

युद्ध संपले. हरवलेल्यांची थडगी शोधण्याचे काम फ्रान्समध्ये वर्षानुवर्षे चालले होते. तारीख, जागा, पथक, हुद्दा असे एकेक ताडून पाहायचे, आणि जुळले की नाव लावायचे. वुमकार म्हणजेच वेलिणकर, हे १९२१ साली निश्चित झाले. तीन वर्षे हा मुलगा दुसऱ्याच्या नावाखाली निजला होता. आज त्याची समाधी फ्रान्समधल्या सॉम भागात, हांगार्द गावाच्या युद्धस्मशानात आहे, आणि तिच्यावर नाव वेलिणकर हेच आहे.

जाकिटाच्या अस्तरातले पुसट आडनाव भिंगाखाली धरणारा माणूस हेच काम करीत असतो. म्हणून त्याच्या नादाला हसू येईनासे झाले आहे. पैशाचा बाजार त्यातही आहे. नाव असलेल्या जाकिटाला बिननावाच्या जाकिटापेक्षा अधिक मोल येते, आणि त्या मोलापायी खोटी नावे रंगविणारेही निघतात. अशांची मात्र मला कीव येत नाही, राग येतो. वुमकार निदान चुकून लिहिले गेले होते.

दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून खडकीत शिरले, की मुळा रोडवर असेच एक युद्धस्मशान आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात विखुरलेली दुसऱ्या महायुद्धातली थडगी एकत्र आणून ते केले. १,६६८ जण तिथे आहेत. त्यांत हवाई दलाचेही आहेत. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जावे. हिरवळ छान राखलेली आहे. प्रत्येक दगडावर वर दलाचे चिन्ह, खाली नाव, तारीख आणि वय. मुले वय मोठ्याने वाचतात : वीस, बावीस, एकोणीस.