वहीने राखलेले पुराण

अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत संत योहान बाप्तिस्ता यांच्या जुन्या चर्चचे भग्नावशेष आहेत. हे चर्च १५७९ साली उभारले गेले. त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास पोहोचले. मराठी त्यांना सर्वस्वी परकी होती. तरीही सदतीस वर्षांनी, १६१६ साली, त्यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून झाले.

लिहू इच्छिणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी या कार्याकडे अवश्य पाहावे. फादर स्टीफन्स यांनी आधी लोकांची बोली ऐकली, मराठी पुराणांची ओवी आत्मसात केली आणि मगच लेखणी उचलली. विषयही त्यांना श्रोत्यांकडूनच मिळाला. जुनी पुराणे सुटली, आता आम्ही वाचावे काय, असे एका ब्राह्मण नवख्रिस्ती श्रोत्याने विचारल्याचे या ग्रंथातच सांगितले आहे. देशी लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी इच्छा त्यांनी १६०८ साली वरिष्ठांना कळवली होती. रोमन लिपीला २४ साचे पुरत. या लिपीला ६०० लागत. ती सोय झाली नाही; पण ते अडून बसले नाहीत. ग्रंथ रोमन लिपीत निघाला.

पुढे १६४९ व १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत ज्ञात नाही. ग्रंथ तगला तो भाविकांनी हाताने उतरवलेल्या वह्यांमुळे. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढली.

आणि आपल्या वह्या? उंबराच्या पाण्याची गाणी, आजीच्या तोंडचे शब्द किती घरांत लिहून ठेवले आहेत? उद्या लिहू म्हणता म्हणता आम्हीही पुष्कळ गमावले आहे. म्हणून ऐकलेला शब्द त्याच दिवशी टिपावा. रोज ठरल्या वेळी अर्धा तास तरी लिहावे. लिहिलेले घरात मोठ्याने वाचून दाखवावे. जिथे ऐकणारा अडखळतो, तिथे खोडण्यास कचरू नये. आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

वसईच्या 'सुवार्ता'चे दीर्घकाळ संपादन केलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपल्या लहानशा नियतकालिकांतून उमटलेला शब्द कोठवर जातो, याची ही साक्ष होय. तेव्हा वाचकहो, आजच वही उघडू या.