परत सुरू कधी होते?

बाबांची मोटारसायकल १९८८ सालची. टू-स्ट्रोक, किकची, पॉइंटवाली. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, चाहते भांडायला येतील :)

तर ही गाडी पालघरला घरासमोर पहिल्या किकेत सुरू होते. उमरोळीवरून बोईसरपर्यंत झकास पळते. तिथे पाच मिनिटं बंद केली की मग वीस किका मारा, घाम गाळा, ढिम्म! आणि चहा पिऊन परत आलं की एका किकेत सुरू. तेही दर वेळी असंच होतं असं नाही. मागच्या महिन्यात बाबांनी ती भर उन्हात ढकलत गॅरेजपर्यंत नेली आणि चक्कर येऊन बसले. आईचा निकाल लागला: "रविवारपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला."

आमच्या धंद्यात असल्या बगला सगळे घाबरतात. कधी येतो, कधी नाही, आणि दाखवायला गेलं की हमखास येत नाही. मी शनिवारी तेच केलं जे डेडलाइन जवळ आली की करतो: प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं. सगळं एकदम. घरासमोर गाडी सुरू झाली. "झाली दुरुस्त!" मी जाहीर केलं.

संध्याकाळी बोईसरला परत तेच.

बाबा म्हणाले, "अरे, कधी सुरू होत नाही ते सगळेच सांगतात. परत सुरू कधी होते ते सांग."

"थंड झाल्यावर."

"मग ती गरम असतानाच बघायला हवी. घरी बघून काय मिळणार?"

इथे जरा इतिहासात शिरू या, कारण दुखणं नेमकं तिथलंच आहे. इंजिनातल्या ठिणगीला हजारो व्होल्ट लागतात. १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरने हाय-व्होल्टेज मॅग्नेटो बनवला आणि बॅटरीशिवाय प्लगमध्ये दणदणीत ठिणगी पडू लागली. तो इतका चालला की १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटन मॅग्नेटोसाठी जर्मनीवरच अवलंबून होता! शत्रूकडून माल येणं बंद झाल्यावर त्यांना घाईघाईने स्वतःचा धंदा उभारावा लागला.

तत्त्व सोपं आहे. फिरत्या चुंबकामुळे कॉइलमध्ये करंट तयार होतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं. पण करंट झटकन तुटला पाहिजे. नाहीतर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटमध्येच पडते. ती तिथे पडू नये म्हणून पॉइंटला जोडून एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. राजदूत, जावा, बुलेट, जुनी चेतक, सगळ्यांची हीच गोष्ट. म्हणून त्या काळी पॉइंट घासायला पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग हे प्रत्येकाच्या डिकीत असायचंच.

आमच्या भागात ही चैनीची गोष्ट नव्हती. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे बोईसरला एमआयडीसी वाढली आणि आसपासची गावं शिफ्टच्या घड्याळावर चालू लागली. मुंबईची लोकल तेव्हा विरारलाच संपायची. ती डहाणूपर्यंत आली २०१३ मध्ये. पहिल्या शिफ्टला पोचायचं तर कंपनीची बस, सायकल, नाहीतर अशी फटफटी. बाबांच्या कारखान्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. शर्टाच्या खिशात प्लग आणि पान्हा घेऊन बाबा शिफ्टच्या हिशेबापेक्षा अर्धा तास आधी निघायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबा उगाच घाबरट आहेत.

असो. रविवारी आम्ही दोघं परत बोईसरला. या वेळी हत्यारं बरोबर. निघताना घरी प्लग काढून, सिलिंडरला टेकवून किक मारून बघितली होती: निळी, कडक ठिणगी. बोईसरला गाडी बंद केली, पाच मिनिटं थांबलो, किक मारली. नाही म्हणाली. (आयुष्यात पहिल्यांदा बिघाड आल्याचा आनंद झाला.) प्लग काढला. पेट्रोलने ओला, म्हणजे पेट्रोल येतंय. ठिणगी मात्र नारिंगी, मरतुकडी. दुसरा प्लग लावला, तीच गत. मग मॅग्नेटोच्या खिडकीतून बघितलं तर पॉइंटमध्येच लखलख चाललेली.

कंडेन्सर! थंड असताना ठीक, तापला की दम सोडतो. मग चालत्या गाडीत का नाही? तर धावताना इंजिनाला वारा लागतो. थांबलं की वारा बंद आणि सिलिंडरची सगळी धग खाली मॅग्नेटोत उतरते. म्हणजे बंद केल्यावर पहिली काही मिनिटं तो भाग आणखी तापतो. नेमका आपला पेट्रोल भरायचा वेळ.

जुना कंडेन्सर तोडून बाबांनी नवा बाहेर टाकीखाली बसवला, धगीपासून लांब. बाकी कशाला हात लावला नाही. परतताना चार वेळा मुद्दाम थांबलो. चारही वेळा एका किकेत सुरू.

१९८५ च्या आसपास जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या. आरएक्स १०० मध्ये पॉइंट नव्हतेच, सीडीआयचा बंद डबा होता. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बहुतेक गाड्यांत पेट्रोलही कॉम्प्युटरच मोजून देतो. झिजणारे भाग गेले हे उत्तमच झालं, कोणाला हवे आहेत लेट मार्क? पण पॉइंटमधली लखलख डोळ्यांनी दिसायची. डबा गेला की डबाच बदलायचा. बाबांचा प्रश्न मात्र दोन्हीकडे चालतो.

येताना मी विचारलं, "तुमच्या शिफ्टच्या काळातही ही असं करायची?"

"मग! वाटेत कुठे बंद करावी लागली की पंधरा-वीस मिनिटं गेलीच. म्हणून तर अर्धा तास आधी निघायचो."

सोमवारी भंगारवाला आला. आईने त्याला जुने पेपर दिले.