निरोप कोणाचा? तलवाड्याचा एक धडा



आपल्या डहाणू-तलासरी भागात घडलेली एक घटना प्रथम आपणांपुढे ठेवतो. सन १९४५ मध्ये येथील वारली बांधव किसान सभेच्या लाल बावट्याखाली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. मे महिन्यात झरी येथे त्यांची परिषद झाली. पावसाळा सरताच गवतकापणीच्या मजुरीचा लढा सुरू झाला. गोदावरी परुळेकर या त्यांच्या नेत्या होत्या. १० ऑक्टोबरला पाड्यापाड्यांतून निरोप फिरला : तलवाड्यास सभा आहे, बाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी यावे. हजारो वारली जमले. परंतु अशी सभा किसान सभेने बोलाविलीच नव्हती! किसान सभेच्या इतिहासानुसार हा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरविला होता आणि पोलिसांना मात्र ‘आदिवासी हल्ल्यासाठी जमले आहेत’ अशी खबर दिली होती. गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह ५ जण प्राणास मुकले.

वाचकहो, येथे कोणी गुपित चोरून ऐकले नव्हते. मधल्या माणसाने दोन्ही बाजूंस दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि निरोप कोणाचा हे पारखण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

हाच प्रश्न आज आपल्या खिशातील मोबाईलपुढे आहे. गुप्त संदेशासाठी दोघांकडे एकच गुप्त आकडा, म्हणजे ‘किल्ली’ हवी. पण दूरच्या माणसास ती द्यावी कशी? १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी उपाय प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी पेन्सिल घ्यावी. ११ आणि २ हे आकडे सर्वांस ठाऊक आहेत. अहमद मनात ३ धरतो. २ चा तिसरा घात ८. त्याला ११ ने भागून उरलेली बाकी ८ तो उघडपणे पाठवितो. सलमा मनात ४ धरते. २ चा चौथा घात १६, बाकी ५. ती ५ पाठविते. आता अहमद ५ चा तिसरा घात काढतो : १२५, बाकी ४. सलमा ८ चा चौथा घात काढते : ४०९६, बाकी ४. दोघांची किल्ली एकच, ४. आणि ती कोणी पाठविलीच नाही! प्रत्यक्षात संख्या इतक्या प्रचंड असतात की, चोरून ऐकणाऱ्यास किल्ली काढता येत नाही.

परंतु तलवाड्याचा दोष येथेही उरतो. वाटेत बसलेला लबाड अहमदला ‘मी सलमा’ आणि सलमाला ‘मी अहमद’ म्हणून स्वतःचेच आकडे देऊ शकतो. मग कुलूप भक्कम, पण किल्ली चोराच्या हाती! म्हणून पाठविलेल्या आकड्यांवर दोघांनी अंकीय स्वाक्षरी करावी, अशी पद्धत डिफी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. स्वाक्षरी जुळली नाही, तर बोलणे तेथेच थांबते. भारतात अशा स्वाक्षरीस २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली.

ही दृष्टी आपणांस परकी नाही. शिक्क्यावाचून पत्र राजे स्वीकारीत नाहीत, असे कळल्यावर हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी चांदीची मुद्रांकित अंगठी करविली, असे हदीसमध्ये आले आहे. हदीस कोणी कोणाकडून ऐकली, ही ‘इस्नाद’ची साखळी इमाम बुखारींनी काटेकोरपणे पारखली. बातमी आणणाऱ्याची शहानिशा करा, अन्यथा अजाणता कोणावर अन्याय होईल, हा सूरह हुजुरातचा उपदेश तर आपल्या घराघरांत वाचला जातो.

तेव्हा पालकहो, ‘बँकेतून बोलतोय’ असे सांगून कोणी मोबाईलवर आलेला आकडा मागितला, तर देऊ नका. फोन ठेवा आणि पासबुकावरील क्रमांकावर स्वतः चौकशी करा. एखाद्या समाजाविरुद्ध भडकविणारा संदेश आला, तर पुढे पाठविण्याआधी तो मुळात कोणाचा हे विचारा. विद्यार्थी मित्रहो, घातांक आणि बाकी यांचा कंटाळा करू नका. त्यांच्याच आधारावर ही कुलपे उभी आहेत. तलवाड्याच्या त्या रात्री ‘हा निरोप कोणाचा?’ हे पारखण्याची सोय असती, तर ५ घरांचे दिवे विझले नसते.