पावलं मोजणारं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराला इतिहास असतो का? इतिहासाच्या पुस्तकात राजवाडे, किल्ले, गिरण्या, रेल्वे हे सगळं येतं. पण ओटा किती उंच असावा, पिठाचा डबा कुठे ठेवावा, भांडी घासायची जागा शेगडीपासून किती लांब असावी, यासाठीही कुणी मोजमापं घेतली असतील, असं आपल्या मनात सहसा येत नाही. प्रत्यक्षात, उभ्याने काम करायचं, सलग ओट्याचं स्वयंपाकघर जेमतेम शंभर वर्षांचं आहे. त्याची मुळं शोधत गेलं, तर आपण एका विटांच्या बांधकामावर जाऊन पोचतो. या लेखात आम्ही तीच वाट धरणार आहोत.

गवंड्याच्या हालचाली

१८८५ साली अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा गवंडीकाम शिकायला लागला. त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक गवंड्याची वीट रचण्याची पद्धत वेगळी आहे. इतकंच नव्हे, तर एकच गवंडी सावकाश काम करताना एका पद्धतीने करतो, घाईत दुसऱ्या आणि शिकवताना तिसऱ्याच! मग यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती?

गिलब्रेथ हालचाली मोजू लागला. गवंडी प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकतो, वीट उचलतो, तिची चांगली बाजू कोणती हे पाहायला ती फिरवतो, मग रचतो आणि थापीने ठोकतो. वीट हलकी असली, तरी प्रत्येक विटेबरोबर गवंड्याला स्वतःच्या शरीराचं वजनही खालीवर करावं लागतं. गिलब्रेथने परांचीत बदल केला. विटा आणि गारा कमरेच्या उंचीवर येतील आणि भिंत वाढेल तशी परांचीही वर सरकेल, अशी सोय केली. विटा आधीच निवडून, चांगली बाजू एकीकडे करून ठेवायचं काम मदतनिसाकडे दिलं. गारा इतका बेताचा सैल ठेवला, की वीट हाताने दाबली तरी बसावी. एका विटेमागच्या अठरा हालचाली कमी होऊन जेमतेम पाच उरल्या. ताशी १२० विटा रचणारा गवंडी ३५० विटा रचू लागला.

यातला विचार साधा आहे. माणसाला जास्त राबवायचं नाही. वस्तू आणि जागा यांची मांडणी बदलायची. मात्र अशी बचत झाली, की तिचा फायदा मजुराला मिळतो की मालकाला, हा प्रश्न त्या काळच्या कामगार संघटनांनीही विचारला होता. तो आपण लक्षात ठेवू. पुढे तो घरातही येणार आहे.

बारा मुलांचं घर

१९०४ साली फ्रँकचं लग्न लिलियन मोलर हिच्याशी झालं. लिलियन साहित्याची पदवीधर होती. पुढे तिने १९१५ साली ब्राउन विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. ‘व्यवस्थापनाचं मानसशास्त्र’ या विषयावरचं तिचं पुस्तक १९१४ साली निघालं. त्यावर लेखिकेचं पूर्ण नाव नव्हतं, नुसती आद्याक्षरं होती. कारण कारखान्यांविषयीचं पुस्तक बाईने लिहिलं आहे हे कळलं, तर ते खपणार नाही, अशी प्रकाशकाला भीती होती.

दोघं मिळून कामाचा अभ्यास करू लागले. कामगाराच्या बोटांना छोटे दिवे बांधून अंधाऱ्या खोलीत छायाचित्र घ्यायचं, म्हणजे हाताच्या वाटेची उजळ रेघ उमटते. कॅमेऱ्यासमोर घड्याळ ठेवून कामाचं चित्रीकरण करायचं, म्हणजे कोणत्या हालचालीला किती वेळ लागला हे कळतं. शोधणं, पकडणं, नेणं, सोडणं, थांबून राहणं अशा सतराअठरा मूळ हालचालींत कोणतंही काम फोडता येतं, असं त्यांनी दाखवलं. या मूळ हालचालींना त्यांनी ‘थेरब्लिग’ हे नाव दिलं. हा शब्द कुठल्या शब्दकोशात शोधायला नको; ‘गिलब्रेथ’ साधारण उलटं वाचलं की झालं!

या जोडप्याला सतरा वर्षांत बारा मुलं झाली. त्यातली एक मुलगी लहानपणीच घटसर्पाने दगावली. एवढ्या मोठ्या घराची व्यवस्था हाही प्रयोगच होता. मोठ्या मुलांनी दात घासले, आंघोळ केली, अंथरूण आवरलं, की भिंतीवरच्या तक्त्यावर सही करायची. घरातल्या प्रश्नांसाठी कुटुंबाची सभा भरायची. घराच्या डागडुजीची किंवा रंगाची जादा कामं निघाली, की मुलांनी बंद पाकिटातून आपापला दर द्यायचा. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. दोन मुलांनी १९४८ साली लिहिलेल्या ‘चीपर बाय द डझन’ या आठवणींच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. आठ वर्षांच्या मुलीने मागच्या अंगणातलं लांबलचक, उंच कुंपण रंगवायला अवघे ४७ सेंट मागितले आणि काम मिळवलं. हाताला फोड येईतो ती दहा दिवस रंगवत राहिली. वडिलांनी दर वाढवून दिला नाही. मात्र काम पुरं झाल्यावर तिला हवे असलेले स्केट्स तिच्या उशीखाली ठेवले. यात वडिलांचं बरोबर की चूक? वर्गात विचारून पाहा, चांगली चर्चा होते.

१४ जून १९२४

त्या दिवशी फ्रँक गिलब्रेथ युरोपातल्या परिषदांना जायच्या तयारीत होता. स्टेशनवरून घरी फोन करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने तो वारला. लिलियन तेव्हा ४६ वर्षांची होती. थोरली मुलगी अठरा वर्षांची, धाकटी जेमतेम दोन. काही दिवसांतच लिलियन बोटीने युरोपला गेली आणि त्याच्या जागी परिषदांत बोलली.

परतल्यावर मात्र अडचण उभी राहिली. ज्या कारखान्यांना हे दोघं सल्ला देत, त्यांतल्या कित्येकांनी करार पुढे चालवले नाहीत. वीस वर्षं काम दोघांचं होतं, डॉक्टरेट तिची होती. पण एकट्या बाईने कारखान्याला सल्ला द्यावा, हे मालकांना पटेना. अकरा मुलांची शिक्षणं व्हायची होती. तेव्हा लिलियनने असं क्षेत्र निवडलं, जिथे बाईला अधिकार नाही असं कुणी म्हणणार नव्हतं. ते म्हणजे घर. कारखान्याने नाकारलेलं शास्त्र स्वयंपाकघरात आलं ते असं.

ओटा, शेगडी आणि चाकांचं टेबल

घरकामाचा असा विचार करणारी ती पहिलीच नव्हे. कॅथरिन बीचर या शिक्षिकेने १८६९ साली आपली बहीण हॅरिएट बीचर स्टो हिच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात आगबोटीवरच्या आटोपशीर मुदपाकखान्याचं उदाहरण दिलं होतं. तिथे सगळं हाताशी असतं, मग घरात का नको? १९१२ साली क्रिस्टीन फ्रेडरिक हिने ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात लेखमाला लिहून कारखान्यातलं शास्त्र घरकामाला लावून दाखवलं. मुली कारखान्यांत नोकऱ्या धरू लागल्याने अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांना मोलकरणी मिळेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे असे लेख आवडीने वाचले जात.

लिलियनकडे मोजमापाची शिस्त अधिक होती. ‘द होममेकर अँड हर जॉब’ हे तिचं पुस्तक १९२७ साली आलं. १९२९ साली तिने ब्रुकलिनमधल्या एका गॅस कंपनीसाठी नमुन्याचं स्वयंपाकघर तयार केलं. शीतकपाट, कामाचा ओटा आणि शेगडी जवळजवळ, ज्या क्रमाने काम होतं त्या क्रमाने. जोडीला चाकांचं टेबल, म्हणजे भांडी एकेक करून न्यायला नकोत. एक ठरावीक केक करून पाहण्याची चाचणी झाली. नेहमीच्या, वस्तू इकडेतिकडे असलेल्या स्वयंपाकघरात त्याला २८१ पावलं चालावं लागलं. नव्या मांडणीत फक्त ४५. एक पाऊल अर्धा मीटर धरलं, तर एका पदार्थामागे सव्वाशे मीटरच्या आसपास चाल वाचली. दिवसाचे सगळे पदार्थ आणि वर्षाचे दिवस धरून विद्यार्थ्यांना हा हिशेब पुढे करता येईल.

तिचा आणखी एक आग्रह होता. ओट्याची उंची काम करणाऱ्या व्यक्तीच्या उंचीनुसार हवी. ही परांचीचीच गोष्ट नाही का?

याच सुमारास जर्मनीत मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की ही तरुण वास्तुशिल्पी फ्रँकफर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखत होती. क्रिस्टीन फ्रेडरिकचं पुस्तक जर्मन भाषेत आलेलं होतं. शिवाय रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघरही तिच्यासमोर होतं. १९२६ साली तिने आखलेलं स्वयंपाकघर सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. डाळ-साखरेसाठी ओतायला तोटी असलेले अॅल्युमिनियमचे खण, फिरतं स्टूल, घडीचा इस्त्रीचा फळा, आणि पिठाला कीड लागू नये म्हणून ओकच्या लाकडाचा खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढे नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४१ ते १९४५ ती तुरुंगात होती.

या स्वयंपाकघराने वणवण वाचवली, पण त्यात एकाच माणसाला नीट काम करता येई. दुसरं कुणी मदतीला आलं, तर अडगळच व्हायची. पूर्वीच्या मोठ्या खोलीत चुलीभोवती घर जमत असे; आता बाई एकटी पडली, अशी टीका पुढे झाली.

वेळ कुठे गेला?

पावलं वाचली, नळ आले, वीज आली, धुलाईयंत्र आलं. मग घरकामाचा वेळ किती कमी झाला? १९७४ साली जोआन व्हॅनेक या अभ्यासिकेने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात जुन्या-नव्या पाहण्यांची तुलना केली. नोकरी न करणाऱ्या अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या. १९६० च्या दशकात सुमारे ५५ तास!

हे कसं काय? रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात याची उकल केली. चुलीच्या जागी बंदिस्त शेगडी आली, तेव्हा लाकूड कमी लागू लागलं. पण लाकूड फोडणं हे पुरुषांचं काम होतं. गिरणीचं तयार पीठ आलं, तेव्हा धान्य कांडणं-दळून आणणं थांबलं. तेही बहुधा पुरुषांचं आणि मुलांचं काम. एका भांड्यात शिजणाऱ्या साध्या जेवणाच्या जागी मात्र दोन-तीन पदार्थ आणि केक आले. ते बाईचं काम. धुलाईयंत्र आलं, तसे बाहेर धुवायला जाणारे कपडे घरी परतले आणि रोज बदलले जाऊ लागले. म्हणजे यंत्राने एकेक काम सोपं केलं, पण अपेक्षा वाढल्या आणि मदतीचे हात कमी झाले.

आपल्याकडे क्रम थोडा वेगळा आहे. जातं, उखळ आणि पाणी आणणं ही कामं बहुतेक बायकांचीच होती, त्यामुळे गिरणीने आणि नळाने त्यांचे कष्ट खरोखर कमी केले. पण अपेक्षांचं काय? गॅस आला आणि प्रत्येकाला ताटात गरम पोळी हवीशी झाली. मिक्सर आला आणि इडली-डोसा सणाचा न राहता नेहमीचा झाला. भारतात देशपातळीवर वेळेच्या वापराची पहिली पाहणी २०१९ साली झाली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, तर असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं देतात, असं तीत दिसलं. मुळात असं काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या, पुरुष मात्र २६.

एक गोष्ट सांगायची राहिली. लिलियन गिलब्रेथ स्वतः स्वयंपाक फारसा करत नसे. तिच्या घरचं स्वयंपाकघर जुनाट होतं आणि ते एक नोकर सांभाळत असे. अकराही मुलं महाविद्यालयात शिकली, ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली, १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडली गेलेली पहिली स्त्री ठरली. हे सारं जमलं त्यात ओट्याच्या मांडणीचा वाटा किती, आणि घरकाम दुसऱ्या माणसांनी उचलल्याचा किती, याचा विचार करायला हवा.

वर्गासाठी

हा अभ्यास विद्यार्थ्यांना घरी करता येतो. आलेख-कागदावर स्वयंपाकघराचा आराखडा प्रमाणात काढा. कागद पुठ्ठ्यावर लावून ओटा, शेगडी, मोरी, माठ, डबे यांच्या जागी टाचण्या टोचा. पोहे करणारी व्यक्ती जिथून जिथे जाईल, तसा दोरा टाचण्यांभोवती गुंडाळत न्या. शेवटी दोरा सोडवून मोजा आणि प्रमाणाने गुणा. चाललेलं अंतर मिळेल. मग एखाददुसरा डबा हलवून पुन्हा मोजा. ओट्याची उंची काम करणाऱ्याच्या कोपराच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आहे का, हेही पाहा.

दोऱ्याच्या जोडीला एक तक्ता करा. आठवडाभर घरातलं कोणतं काम कुणी, किती वेळ केलं, हे त्यात लिहा. दोरा कमी करायला डबा हलवला की पुरतं. तक्त्यातले आकडे बदलायचे, तर घरातल्या माणसांना हलावं लागतं, आणि त्यात विद्यार्थीही आले, आपण शिक्षकही आलो. तुमच्या वर्गाला काय आढळलं ते आम्हाला जरूर कळवा.