बुटावरचं नाव

बेन ॲफ्लेकचा 'एअर' हा सिनेमा २०२३ साली आला. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे जरा नाखुशीनेच बघायला बसले. पण गंमत म्हणजे यात खेळ जवळपास नाहीच! आहेत ती ऑफिसं, टेलिफोन आणि एक करार. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या मायकल जॉर्डनचा चेहराही मुद्दाम दाखवलेला नाही.

गोष्ट १९८४ची. एकवीस वर्षांचा जॉर्डन नुकताच शिकागो बुल्सकडे आलेला. त्याला हवे होते आदिदासचे बूट. कॉन्व्हर्सकडे मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड होतेच. नायकीची ओळख पळण्याच्या बुटांची. बास्केटबॉलमध्ये ती मागेच होती. तिथल्या सनी व्हकारोने हट्ट धरला की सगळा पैसा या एकाच पोरावर लावा.

आता सिनेमा म्हटला की इतिहासाला थोडी कात्री लागणारच. सिनेमात सगळं श्रेय व्हकारोकडे जातं. खुद्द जॉर्डनने मात्र २०१५ साली ते जॉर्ज रॅव्हलिंग या प्रशिक्षकाला दिलं होतं. 'एअर जॉर्डन' हे नाव सुचलं ते त्याचा एजंट डेव्हिड फॉक याला, वाटाघाटीही त्याच्याच. पण एक गोष्ट जॉर्डननेच सांगितलेली आहे. त्याला नायकीकडे जायचंच नव्हतं. आईने, डेलोरिसबाईंनी, त्याला जबरदस्तीने विमानात बसवलं: आवडो न आवडो, आधी ऐकून तर घे!

वायोला डेव्हिसने साकारलेली ही आई सिनेमाचा कणा आहे. फोनवर ती शांतपणे अट घालते, की माझ्या मुलाच्या नावाचा जो बूट विकला जाईल, त्यात त्याचा वाटा हवा. प्रत्यक्षात बोलणी कुणीही केलेली असोत, त्या करारात खरी मेख होती ती हीच. पाच वर्षं, दर वर्षी साधारण पाच लाख डॉलर, आणि वर विक्रीतला हिस्सा. कंपनीची अपेक्षा होती की चौथ्या वर्षाअखेर तीस लाख डॉलरचे बूट खपतील. १९८५ साली ते ६५ डॉलरला बाजारात आले आणि पहिल्याच वर्षी बारा कोटी साठ लाखांचे खपले!

डेलोरिसबाई बँकेत नोकरी करायच्या. पगार आणि मालकी यांतला फरक त्यांना कुणी शिकवायला नको होता. मला विचाराल तर या सिनेमातला इतिहास तोच आहे. खेळाडूचे गुडघे पाच-दहा वर्षांत थकतात, नाव थकत नाही. मग कमाई कशाला बांधायची, गुडघ्यांना की नावाला?

जॉर्डन शेवटचा सामना खेळला एप्रिल २००३मध्ये. सिनेमा आला एप्रिल २०२३मध्ये. मधली वीस वर्षं तो मैदानावर नव्हता. बूट मात्र खपत होते आणि त्यातला त्याचा वाटा घरी येत होता.