नालवाडीचे कातडे आणि गिरणीचा धोटा

कामगाराच्या धर्माचरणाला कामाच्या जागी वाव कसा द्यायचा, हा प्रश्न अधूनमधून वर येतो. नमाजाची वेळ पाळीत कशी बसवायची, पगडी बांधणाऱ्याने हेल्मेटचे काय करायचे, उपवासाच्या महिन्यात भट्टीजवळचे काम कोणाला द्यायचे, ही त्याची नेहमीची रूपे. उत्तर बहुधा नियमात शोधले जाते. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने पगडीधारी शिखाला हेल्मेटच्या सक्तीतून सूट दिली, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. यात वस्तू आहे तशीच राहते आणि माणूस तिच्यातून वगळला जातो. दुसरा मार्ग वस्तू किंवा ती घडवण्याची रीत बदलण्याचा. तो अवघड आहे, म्हणून विरळा आहे. वर्धा जिल्ह्यात १९३०नंतरच्या दशकात या मार्गाने काही गंभीर प्रयोग झाले. त्यांतला नालवाडीच्या चर्मालयाचा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो, कारण त्याचे यश आणि त्याची मर्यादा एकाच जागी दिसतात.

वार पाळणारे धंदे

आपल्याकडच्या जुन्या धंद्यांत श्रद्धा आणि कामाचे वेळापत्रक यांची फारकत नव्हती. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली शब्बाथमुळे शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावकऱ्यांनी त्यांना नावच दिले, ‘शनिवार तेली’. सोमवार पाळणारे ते ‘सोमवार तेली’. घाणा घरचा, बैल घरचा, त्यामुळे कोणत्या वारी थांबायचे हे घाणेवाला स्वतः ठरवी.

विदर्भात तर घाण्याचा बैलच पोळ्याला सुटी घेई. आदल्या दिवशी त्याचा खांदा हळद-तुपाने मळायचा, पोळ्याच्या दिवशी मानेवर जू ठेवायचे नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. खांदा मळण्याच्या विधीत जनावराची निगा आपोआप राखली जाते. खंडेनवमीला अवजारे धुऊन-पुसून पूजेला मांडतात, तेव्हाही तेच घडते. श्रद्धेने ठरवलेली विश्रांती हीच अवजाराच्या डागडुजीची वेळ असे.

वाफेच्या इंजिनाला वार नव्हता. १८८१च्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्या दिल्या, त्याही फक्त मुलांना. १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुटीची होती. रविवार हा जसा साहेबाच्या प्रार्थनेचा वार, तसाच तो खंडोबाचा. लोखंड्यांनी हाच मुद्दा पुढे केला असे सांगितले जाते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१च्या कायद्याने आठवड्याची सुटी सर्व कामगारांना मिळाली. हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांपर्यंत ती पोचली ती या वाटेने. यंत्र मात्र होते तसेच राहिले.

मगनवाडीचा विचार

डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी वर्ध्यातली आपली बाग दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. जे. सी. कुमारप्पा, झवेरभाई पटेल आदी मंडळींनी तेथे घाणी, जाते, कागद, मधमाश्या अशा एकेका उद्योगाचे तंत्र सुधारायला घेतले. कार्यक्षमता हा त्यांचा एक निकष होता. काम करणाऱ्याच्या मनाला ते काम टोचते का, हा दुसरा.

मधाचे उदाहरण घ्या. जुन्या रीतीत धूर करून, पोळे कापून, ते पिळून मध काढीत. त्यात अळ्या आणि माश्या चिरडल्या जात, म्हणून जैनांना मध वर्ज्य. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काढत्या-घालत्या चौकटींची पेटी तयार केली होती. पुढे फिरवून मध काढण्याचे यंत्रही आले. पोळे शाबूत ठेवून मध निघू लागला. ग्रामोद्योग संघाने ही पेटी उचलून धरली, त्यामागे उत्पन्नाइतकाच अहिंसेचा विचार होता. एका लाकडी चौकटीमुळे वर्ज्य धंदा आचरणीय होऊ शकतो, हे येथे दिसले.

मेलेल्या जनावराचे कातडे

चामड्याचा प्रश्न याहून बिकट होता. चपला, मोटेचे चामडे, बैलाचे सामान यांवाचून शेतकऱ्याचे चालत नाही आणि कत्तलीचे चामडे वापरणे गाय पूजणाऱ्याच्या मनाला पटत नाही. गांधींनी सप्टेंबर १९३४मध्ये ‘हरिजन’मध्ये गावच्या कातडी कमावण्यावर लेख लिहिला. दरवर्षी सुमारे नऊ कोटी रुपयांची कच्ची कातडी परदेशी जातात आणि त्यांतली बरीचशी पक्क्या मालाच्या रूपाने परत येतात, असा अंदाज त्यांनी त्यात दिला होता. त्यांचे स्वतःचे हातही या कामाला सरावलेले होते. दक्षिण आफ्रिकेत ते चपला करायला शिकले आणि एक जोड त्यांनी जनरल स्मट्सना दिला, हे सर्वांना ठाऊक आहे.

वर्ध्याजवळच्या नालवाडी या दलित वस्तीच्या गावी विनोबा १९३२च्या डिसेंबरात राहायला गेले. तेथे १९३४मध्ये ग्रामसेवा मंडळ निघाले आणि १९३५च्या सुमारास गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय उभे राहिले. अट एकच, कातडे आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचेच घ्यायचे.

ही अट ऐकायला सोपी आहे. कसबी माणसाला तिच्यातली अडचण लगेच कळेल. कत्तलीच्या जनावराचे रक्त वाहून जाते आणि कातडे ताजे असतानाच सोलले जाते. मेलेले जनावर शिवारात तासन् तास पडून राहते. रक्त आतच साकळते, उन्हाने कुजणे सुरू होते. पुढे ते दोरीने फरफटत हाडोळ्यावर नेतात, त्यात पाठीचे कातडे खरवडते. घाईने सोलताना सुरीचे कापे पडतात. म्हणून बाजारात मृत जनावराच्या कातड्याला कमी भाव. श्रद्धा पाळायची तर माल हलका आणि चांगला माल हवा तर श्रद्धा बाजूला, अशी ही कोंडी होती.

चर्मालयासारख्या केंद्रांनी ती तंत्राने सोडवायचा प्रयत्न केला. जनावर फरफटत न नेता गाडीवर घालून न्यायचे, शक्य तितक्या लवकर सोलायचे, कातडे लगेच मीठ लावून पसरायचे, चुन्याच्या हौदात किती दिवस ठेवायचे याचा हिशेब ठेवायचा, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात पायरीपायरीने कमवायचे. उरलेले काहीही वाया घालवायचे नाही. हाडांचे खत, चरबी, शिंगे, आतड्यांची तात, प्रत्येकाचा उपयोग शोधायचा. बंगालमध्ये सतीशचंद्र दासगुप्तांनी मृत जनावरापासून कमावलेल्या चामड्यापर्यंतची सारी क्रिया ग्रंथरूपाने मांडली. यात नवे यंत्र फारसे नव्हते. प्रत्येक पायरीची रीत तेवढी बदलली होती आणि त्यामुळे अटीत बसणारे चामडे टिकाऊ होऊ लागले. १९४१मध्ये जमनालालजींनी गोसेवा संघ काढला, तेव्हा मृत जनावराचेच चामडे वापरण्याचे व्रत सदस्यांना घेता आले ते यामुळेच. व्रत पाळता येण्यासाठी वस्तू आधी तयार असावी लागते.

धोट्याची गोष्ट

आता मुंबईच्या गिरणीतले एक उलट उदाहरण पाहू. जुन्या मागावर धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या डोळ्याला तोंड लावून सूत ओढून घेई. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे. या एका क्रियेच्या आधाराने सवर्ण विणकरांनी विणाई खात्यात अस्पृश्यांना येऊ दिले नाही. त्यांचा उष्टा धोटा आमच्या तोंडाला कसा चालेल, हे कारण. विणाई हे गिरणीतले चांगल्या मजुरीचे खाते, तर अस्पृश्यांची बहुतेक भरती सूतकताईच्या कमी मजुरीच्या खात्यांत. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडली.

येथे तंत्राचा इतिहास जाणण्यासारखा आहे. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा तेव्हा उपलब्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या नॉर्थ्रप मागात सूत आपोआप ओवले जाई. रोग पसरतात म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११मध्ये तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी घातली. लँकेशायरमध्ये मात्र तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. धोटा बदलला असता तर रोगही टळला असता आणि विटाळाचे निमित्तही गेले असते. आपल्या गिरण्यांनी धोटा ठेवला आणि माणूस वगळला.

कोणाच्या श्रद्धेचे माप?

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की नालवाडीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. नालवाडीने ज्या श्रद्धेचे माप घेतले ती गाय पूजणाऱ्यांची होती. ज्यांच्या माथी पिढ्यान् पिढ्या मेलेली गुरे ओढण्याचे काम होते, त्यांच्या मनात त्याच काळी वेगळी धर्मभावना घडत होती. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. नालवाडीचे चर्मालय आकार घेत होते तो हाच काळ. १ मे १९३६ रोजी आंबेडकर सेगावला गांधींना भेटले, तेव्हा चर्मालय तेथून काही मैलांवरच होते. एका बाजूला त्याच कामाला शास्त्र आणि प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न, दुसऱ्या बाजूला ते काम सोडण्यातच माणूसपण आहे अशी जाणीव.

१५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, आंबेडकरांनी या वादाची आठवण सांगितली. गुरे ओढणे सोडल्याने महारांचे कातडे-शिंगांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब ‘केसरी’तून कोणी मांडला होता. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की उत्पन्न एवढे असेल तर ते तुम्हीच का घेत नाही? या प्रश्नाला आकडेमोडीने उत्तर देता येत नाही.

वाळुंजकरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आश्रमाचे कार्यकर्ते स्वतः कातड्याच्या हौदाशी उभे राहिले. काम जातीचे न राहता कसबाचे व्हावे, हा त्यांचा प्रामाणिक हेतू होता. एका मर्यादेत त्यांनी आंबेडकरांच्या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. पण चार-दोन कार्यकर्ते हौदाशी उभे राहिल्याने गावगाड्याची वाटणी बदलत नाही. सुधारलेली रीत गावात गेली तरी जनावर गाडीवर घालायला बोलावणे कोणाच्या घरी जाणार, हे आधीच ठरलेले होते.

या इतिहासातून मला एक साधी कसोटी हाती लागते. एखादी श्रद्धा पाळणारा तिची किंमत स्वतः मोजत असेल, तर तिच्यासाठी वस्तू, वेळ आणि रीत बदलावी. शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली आपले तेल गमावतो. मृत चामड्याचे व्रत घेणारा महाग किंवा जाड चप्पल घालतो. विटाळ पाळणाऱ्या विणकराने काहीच गमावले नाही, त्याच्या पावित्र्याची किंमत दुसऱ्याच्या मजुरीतून वसूल झाली. अशा वेळी धोटा बदलायचा तो विटाळाचा मान राखण्यासाठी नाही, तर त्याचे निमित्त काढून घेण्यासाठी. आणि ज्याला ते कामच नको आहे त्याला ते सोडता यावे, ही सोय कोणत्याही सुधारित अवजारात बसवता येत नाही. ती गावाला आणि कायद्यालाच करावी लागते.

मगनवाडीचे मगन संग्रहालय गांधींच्या हस्ते १९३८च्या डिसेंबरात उघडले, ते आजही वर्ध्यात आहे. तेथील अवजारे पाहताना ती किती काम करतात हे आपण विचारतोच. ती बनवणाऱ्याने कोणाचे मन डोळ्यांपुढे ठेवले होते आणि कोणाचे राहून गेले, हेही विचारावे.